सिंप्सन कुटुंबाची सफर

सहकुटुंब प्रवासाला निघालेल्या माणसाची फजिती हा विनोदाचा फार जुना आणि सहसा न आटणारा झरा आहे. गाडी चुकते, वळकटी हरवते, मुलें भांडतात, आणि ज्या विश्रांतीसाठीं एवढा खटाटोप केला ती घरीं परतल्यावरच मिळते. ‘द सिंप्सन्स’ ही अमेरिकेंतील हलत्या व्यंगचित्रांची मालिका याच झऱ्यावर वर्षानुवर्षें पोसली गेली आहे. मॅट ग्रोनिंग या व्यंगचित्रकारानें निर्माण केलेल्या या कुटुंबाची स्वतंत्र मालिका १९८९ च्या डिसेंबरांत दूरचित्रवाणीवर सुरू झाली. स्प्रिंगफील्ड नांवाच्या काल्पनिक गांवीं अणुशक्तीच्या वीजघरांत नोकरी करणारा, खादाड आणि आळशी होमर, त्याच्या चुका निस्तरतां निस्तरतां थकलेली मार्ज, उनाड बार्ट, पुस्तकी आणि तत्त्वनिष्ठ लिसा, आणि तोंडांतली चोखणी न काढणारी धाकटी मॅगी, असा हा गोतावळा. १ एप्रिल २००१ रोजीं प्रथम दाखविलेल्या ‘सिंप्सन सफारी’ या भागांत त्याची रवानगी थेट टांझानियांत झाली.

सफरीचें निमित्त मोठें नामी आहे. वाणसामानाच्या दुकानांत गिऱ्हाइकांचा माल पिशव्यांत भरून देणाऱ्या पोरांना होमर घालूनपाडून बोलतो. पोरें संपावर जातात आणि सिंप्सनांच्या घरांतील फडताळें रिकामीं पडतात. भुकेनें कासावीस झालेल्या या मंडळीला जनावरांच्या आकाराच्या बिस्किटांचा एक जुनापुराणा डबा सांपडतो, आणि त्यांतून निघतो एक सोन्याचा जिराफ. सोन्याचें जनावर ज्याला मिळेल त्याला आफ्रिकेची सहल, अशी त्या कंपनीची एके काळीं जाहिरात होती. बक्षिसाची मुदत केव्हांच टळून गेलेली असते; तरी होमरपुढें कंपनी अखेर हात टेकते. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. या कुटुंबाची आफ्रिका बिस्किटांच्या डब्यांतून निघाली. आणि पुढचा भाग पाहतांना असें वाटूं लागतें कीं, कथालेखक जॉन स्वार्ट्झवेल्डर यांचीहि बरीचशी आफ्रिका त्याच डब्यांतली असावी.

सर्वांत खुमासदार थट्टा विमान जमिनीवर उतरण्यापूर्वींच होऊन जाते. उतारूंना सूचना मिळते कीं देशाचें नांव बदललें आहे. ती ऐकून होते न होते तोंच दुसरी सूचना येते कीं, तें नांवहि गेलें आणि तिसरें आलें. आणि त्या तिसऱ्या नांवाच्या आरंभीं एका शीतपेयाच्या कंपनीचें नांव यजमान म्हणून जोडलेलें असतें. या विनोदाला सत्याचा थोडा आधार आहे. हा मुलूख पूर्वीं जर्मन पूर्व आफ्रिकेंत मोडे. पहिल्या महायुद्धानंतर तो ब्रिटिशांकडे येऊन टांगानिका झाला, ९ डिसेंबर १९६१ रोजीं स्वतंत्र झाला, आणि २६ एप्रिल १९६४ रोजीं झांझिबारशीं एक होऊन दोघांच्या नांवांच्या जुळणींतून पुढें टांझानिया हें नांव आलें. नांव बदललें खरें, पण तें एकदां, आणि चांगल्या कारणासाठीं. मात्र शेवटचा टोला आफ्रिकेला नसून आपल्याच देशांतील व्यापाऱ्यांना आहे. आपल्याच घरावर धोंडा मारतांना या मालिकेचा नेम सहसा चुकत नाहीं.

‘सफारी’ हा शब्द आतां जगभर झाला असला तरी तो मूळचा स्वाहिली भाषेचा आहे, आणि स्वाहिलींत तो अरबींतून आला. मराठींतील ‘सफर’ ही त्याचीच सख्खी बहीण. त्या भाषेंत वाहनाला ‘गारी’ आणि दुकानाला ‘दुका’ म्हणतात, हें ऐकून मराठी माणसाला अर्धी ओळख आधींच पटल्यासारखी वाटते. स्वाहिलींत सफारी म्हणजे नुसता प्रवास. मग तो मामाच्या गांवाला असो कीं बाजाराला. त्या शब्दाला बंदुकीचा वास लागला तो पाश्चात्य शिकाऱ्यांमुळें. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ सालीं शेजारच्या ब्रिटिश पूर्व आफ्रिकेंत हमालांचा तांडा घेऊन उतरले, आणि त्यांनीं व त्यांच्या मुलानें मिळून पांचशेंहून अधिक जनावरें मारलीं. पुढें बंदुकीची जागा कॅमेऱ्यानें घेतली. होमरच्या हातीं बंदूक नाहीं, पण आफ्रिकेनें आपलें मनोरंजन करावें ही अपेक्षा रूझवेल्टांच्या काळचीच आहे.

त्यांच्या वाटाड्याचें नांव किटेंगे. आतां ‘किटेंगे’ म्हणजे पूर्व आफ्रिकेंतील बायका कमरेला किंवा अंगाभोंवतीं गुंडाळतात तें छापील सुती कापड. एखाद्या परदेशी लेखकानें पुण्याच्या वाटाड्याचें नांव ‘लुगडें’ ठेवावें, त्यांतलाच हा प्रकार! देशाच्या अध्यक्षाचें नांव मुंटू, आणि बांटू कुळांतील कित्येक भाषांत ‘मुंटू’चा अर्थ ‘माणूस’ एवढाच. हीं नांवें शब्दांच्या टोपलींतून हात घालून काढलेलीं दिसतात. पाणघोड्याचा प्रसंग मात्र अगदीं निराधार नाहीं. होमर त्या जनावराला डिवचतो, तें पाठीस लागतें, आणि पळतां भुई थोडी झालेलें कुटुंब वाटाड्याला मुकून नदींतून वाहत निघतें. पाणघोडा दिसायला गलेलठ्ठ आणि सुस्त असला तरी जमिनीवर तो ताशीं सुमारें ३० किलोमीटर वेगानें धांवूं शकतो. रात्रीं चरायला बाहेर पडलेल्या पाणघोड्याच्या आणि पाण्याच्या मधें माणूस सांपडला, तर त्याची धडगत नसते.

मसाई लोक या भागांत येतात ते देखाव्याचा एक तुकडा म्हणून, झाडें आणि जिराफ यांच्याच रांगेंत. त्यांची खरी हकीगत कोणत्याहि विनोदांत सहजीं बसणारी नाहीं. सेरेंगेटीच्या अफाट कुरणांवर त्यांचीं गुरें कित्येक पिढ्या चरत आलीं होतीं. तेथें राष्ट्रीय उद्यान झालें, आणि १९५९ सालीं वन्य पशूंसाठीं म्हणून मसाईंना तें सोडून गोरोंगोरोच्या बाजूला जावें लागलें. सेरेंगेटींतून ऋतुमानाप्रमाणें फिरणारे दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट पाहायला आज सारें जग लोटतें. हें कुरण माणसाच्या स्पर्शावांचून तसेंच राहिलेलें आहे, असें त्या पाहुण्यांना वाटतें. आणि तें कोणाला सोडावें लागलें, हें फारसें कोणी विचारीत नाहीं.

परतीच्या विमानांत शेवटची कोटी येते. वाटाड्या किटेंगे आतां राष्ट्राध्यक्ष झाला आहे, आणि पदच्युत मुंटू विमानांत उतारूंची सेवा करीत आहे. आफ्रिकेंत राज्यकर्ते रात्रींतून बदलतात, हा समज अमेरिकन प्रेक्षकाच्या मनांत इतका पक्का कीं विनोद समजावून सांगावाच लागत नाहीं. काही देशांच्या बाबतींत तो समज खराहि ठरला आहे. परंतु निवडलेला देश नेमका टांझानिया! १९६४ च्या जानेवारींत झांझिबारांत रक्तपात होऊन सुलतानाची सत्ता गेली आणि त्याच महिन्यांत मुख्य भूमीवरील सैन्यानेंहि बंड केलें, हें खरें. पण तें बंड मोडलें गेलें. ज्यूलियस न्येरेरे यांनीं पुढें एकपक्षीय राज्य केलें, शेतकऱ्यांना नव्या वसाहतींत सक्तीनें हलविलें, आणि त्याचे कडू परिणाम देशानें भोगले; तरी १९८५ सालीं त्यांनीं आपण होऊन अध्यक्षपद सोडलें. सत्तेसाठीं झालेल्या खुनावर उभें असलेलें शेक्सपिअरचें ‘ज्यूलियस सीझर’ हें नाटक स्वाहिलींत आणणारे गृहस्थ हेच. त्यांच्यामागून म्विन्यी आले आणि १९९५ च्या निवडणुकीनंतर म्कापा. म्हणजे हा भाग दाखविला गेला तेव्हां स्वातंत्र्याला जवळजवळ चाळीस वर्षें होत आलीं होतीं आणि गादीवर अवघा तिसरा अध्यक्ष होता. त्या थट्टेला खरी माहिती एवढी आडवी येत होती, पण ती तपासण्याची गरज प्रेक्षकांना वाटली नाहीं आणि लेखकालाहि वाटली नाहीं.

नदींतून वाहत गेलेलें कुटुंब ज्या जंगलांत पोंचतें तेथें डॉक्टर जोन बुशवेल नांवाची शास्त्रज्ञ चिंपांझींच्या संगतींत राहत असते. तिच्या आश्रमावर हल्ला होतो. सिंप्सन मंडळी तिच्या बाजूनें शर्थीनें लढतात. आणि मग उघड होतें कीं, हल्लेखोर शिकारी नसून प्राण्यांना सोडवायला आलेले लोक आहेत, आणि ही साध्वी चिंपांझींकडून हिऱ्यांची खाण खणवून घेत आहे. तोंड बंद ठेवण्यासाठीं ती हिरे देऊं करते आणि होमर ते घेतो. टांझानियांत हिरे खरोखरच आहेत. जॉन विल्यमसन या कॅनडाच्या भूगर्भशास्त्रज्ञानें १९४० सालीं म्वादुई येथें मोठी खाण शोधून काढली, आणि तिच्यांतील एक गुलाबी हिरा १९४७ सालीं राजकन्या एलिझाबेथला विवाहाचा आहेर म्हणून गेला.

बुशवेल म्हणजे कोण, हें सांगावयास नकोच. १९६० च्या जुलैंत टांगानिका सरोवराच्या कांठीं गोंबे येथें जेन गुडॉल ही २६ वर्षांची तरुणी आईला सोबत घेऊन उतरली. तरुण मुलीनें एकटें जंगलांत राहावें हें अधिकाऱ्यांना पसंत नव्हतें. तिच्यापाशीं विद्यापीठाची पदवी नव्हती. त्याच वर्षीं तिनें एका चिंपांझीला गवताची काडी वारुळांत घालून वाळवी बाहेर काढतांना पाहिलें, आणि हत्यारें काय तीं माणसानेंच करावींत, हा विद्वानांचा अभिमान त्या काडीनें उतरविला. १ ऑक्टोबर २०२५ रोजीं वयाच्या ९१ व्या वर्षीं त्या निवर्तल्या. चिंपांझींना केळीं चारून त्यांची वागणूक बिघडविली, असा शास्त्रीय आक्षेप त्यांच्यावर झाला होता. खाणीची कल्पना मात्र निव्वळ थट्टेची.

गुडॉलबाईंना थट्टा नवी नव्हती. १९८७ सालीं गॅरी लार्सन या व्यंगचित्रकारानें एक चित्र काढलें. चिंपांझीण नवऱ्याच्या अंगावर सोनेरी केस सांपडल्याचें पाहून, पुन्हां त्या गुडॉलकडेच गेला होतात ना, असें कुत्सितपणें विचारते. बाईंच्या नांवानें चालणाऱ्या संस्थेकडून रागाचें पत्र गेलें. बाई तेव्हां आफ्रिकेंत होत्या. त्यांनीं चित्र पाहिलें तें मात्र पोट धरून हंसत. पुढें त्या चित्राचे सदरे विकून आलेला पैसा संस्थेलाच मिळाला, आणि लार्सनच्या एका संग्रहाला बाईंनीं प्रस्तावना लिहिली. १९८८ सालीं लार्सन स्वतः गोंबेला जाऊन आला. तेथें फ्रोडो नांवाच्या दांडगट चिंपांझीनें त्याला असा कांहीं झोडपला कीं, घरीं परततांना त्याच्या अंगावर ओरखडे आणि काळेनिळे वळ होते.