प्रौढांना मराठी शिकवणाऱ्यांचा वर्ग : काही निरीक्षणे
(बालाघाट येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



प्रौढांना मराठी शिकवू इच्छिणाऱ्या शिक्षकांचा एक प्रशिक्षणवर्ग आपल्या बालाघाटात मी पाच दिवस मागे बसून पाहिला. त्याविषयी बोलायचे आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण मध्यप्रदेशात राहिलो. बाजार, दवाखाना, सोयरीक गोंदियाकडे आणि शाळा हिंदीतून, अशी आपली स्थिती. त्याच वर्षीच्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५०-क मातृभाषेतून शिक्षणाचे बोलते, पण ते प्राथमिक शाळेतल्या मुलांपुरते. मोठ्या माणसांचे काय? म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाचे पुण्यातील केंद्र परप्रांतीय शिक्षकांना दहा महिने मराठी शिकवते. आपल्याकडच्या शिकणाऱ्याला मिळतो संध्याकाळचा दीड तास, तोही रोवणी नसेल तेव्हा.

वर्गात चौदा प्रशिक्षणार्थी होते. सहा जणांच्या घरी मराठी, चौघांच्या घरी पोवारी, दोघांच्या हिंदी आणि बैहरकडच्या दोघी गोंडी बोलणाऱ्या. पहिले दोन दिवस ते सहाच बोलत होते. भाषा आपली, तेव्हा शिकवण्याचा हक्कही आपला, असा थोडा तोरा होता. त्यांतल्या एका तरुणाने सरावासाठी हिंदीभाषक बाईंना पाठ दिला. बाई म्हणाल्या, ‘माझी पुस्तक’. त्याने अडवले. मग ‘माझा घर’. पुन्हा अडवले. दहा मिनिटांत सात वेळा, मी मोजले. सातव्यानंतर बाई बोलेनाशा झाल्या. हिंदीत किताब स्त्रीलिंगी, पुस्तकही स्त्रीलिंगी आणि घर पुल्लिंगी. बाई आपल्या भाषेचा नियम इमानाने पाळत होत्या. हे त्या तरुणाच्या ध्यानातच आले नाही.

तिसऱ्या दिवशी प्रशिक्षकांनी गोंडीभाषक शिक्षिकांपैकी एकीला वीस मिनिटे गोंडी शिकवायला सांगितले. अट एकच, हिंदी-मराठीचा एक शब्दही वापरायचा नाही. तिने पाण्याचा पेला दाखवला : येर. माशाचे चित्र काढले : मीन. मग चिंचोके मांडून मोजू लागली : उंदी, रंड, मूंद, नालुंग, सैयुंग. तोच तरुण ‘नालुंग’पाशी अडला. वर्ग हसला, ती हसली नाही. चूकही दाखवली नाही; चिंचोके पुन्हा मांडून ती त्याच्याबरोबर मोजत राहिली. कपाळावरचा घाम पुसत तो पाचापर्यंत पोचला.

नंतरच्या चर्चेत निघाले की गोंडीत लिंगे दोनच : एकात पुरुष, दुसऱ्यात बाया, जनावरे, वस्तू सगळे. कोणीतरी म्हणाले, ‘हे काय, बाई आणि बैल एकात?’ ती शांतपणे म्हणाली, ‘तुमच्यात लेकरू नपुंसकलिंगी. आम्ही काही म्हटलं का?’

व्याकरणाच्या तासाने जे साधले नसते ते या वाक्याने साधले. चौथ्या दिवशी बाई पुन्हा म्हणाल्या ‘माझी पुस्तक’, तेव्हा तो तरुण एवढेच म्हणाला, ‘हो का? कुठं आहे तुमचं पुस्तक?’ थोड्या वेळाने बाईंच्या तोंडून आपोआप आले, ‘माझं पुस्तक घरी आहे.’

एका बाबतीत मात्र प्रशिक्षकांशी माझा मतभेद आहे. बाईंनी शेजारणीकडून उचललेले ‘मले’ त्यांनी फळ्यावर लिहून खोडले. इकडच्या बाजारात ‘मले’च ऐकू येते. मोठे माणूस कानावर पडेल ते आधी शिकणार. ‘मला’ अर्जात, ‘मले’ बाजारात, असे सांगितले असते तर काय बिघडले असते? झाडीपट्टीतली बोली म्हणजे चुकलेली मराठी नव्हे.

दुसरी गोंडीभाषक शिक्षिका पाच दिवसांत एकदाही बोलली नाही. तिला बोलते करण्याचा प्रयत्न झाला नाही, आणि तो वर्गाचा मोठा उणेपणा होता. शेवटी सर्वांनी एक अर्ज भरला. ‘मातृभाषा’ या रकान्यात पर्याय होते हिंदी, मराठी, इतर. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे तीस लाखांच्या जवळपास आहेत. आठव्या अनुसूचीत गोंडी नाही आणि आपल्या या अर्जातही नव्हती. बोलणाऱ्या शिक्षिकेने ‘इतर’ खोडून शेजारी ‘गोंडी’ लिहिले. न बोलणारीने रकाना कोराच सोडला.

पुढचा वर्ग धानकापणीनंतर आहे. त्याच्या अर्जात पर्याय न छापता नुसती ओळ ठेवावी आणि गोंडीचा पाठ पहिल्याच दिवशी घ्यावा, असे मी संयोजकांना कळवले आहे.