तोंडी मागणी म्हणजे मागणी नाही
(मेळाव्यात केलेलं भाषण)



७३ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली, तेव्हापासून सत्ता गावात आली असं सांगतात. कोणत्या गावात आली? ग्रामपंचायतीचं ऑफिस खाली सपाटीवर, आपल्या वस्त्या वर सातपुड्यात. योजना ऑफिसपर्यंत येते, यादी तिथंच होते, अन् वाचून दाखवली की आपलं नाव नसते.

पलीकडे धारणी-चिखलदऱ्याला पेसा कायदा आहे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो. आपला बुलडाणा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. डोंगर तोच, कोरकू तोच, पण जळगाव जामोद अन् संग्रामपूरच्या आदिवासींना पेसा नाही. ही मागणी आपण सोडणार नाही. पण तोवर गप्प बसायचं काहून? तीन गोष्टी आजही आपल्या हातात आहेत.

पहिली, वन हक्क कायदा २००६. याला पेसा लागत नाही. वनगाव, जुनी वस्ती, मोजणी न झालेली वस्ती, हे सगळे या कायद्यात गावच आहे. दावा ग्रामसभेतूनच सुरू होतो. सभेला निम्मे लोक पाहिजेत, अन् हजर लोकांत तिसरा हिस्सा बाया पाहिजेत. बाया घरी राहिल्या तर सभाच कच्ची.

दुसरी, रोजगार हमी. दिवाळी झाली की आपले लोक लेकरं घेऊन कामाला बाहेर पडतात, अन् वर अहवाल जातो की या वस्तीत कामाची मागणीच नाही. कारण आपण तोंडी मागतो. तोंडी मागणी म्हणजे मागणी नाही. नमुना ४ भरा, तारखेची पोच घ्या. त्या तारखेपासून १५ दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्ता मागता येतो. पोच नसेल तर भत्ता कशावर मागणार? अन् ज्या आदिवासी कुटुंबाला वनपट्टा मिळाला, दुसरी खाजगी जमीन नाही, त्याला १०० च्या वर ५० दिवस जास्तीचे ठरले होते. म्हणजे जमिनीची लढाई अन् मजुरीची लढाई वेगळी नाही.

तिसरी, संजय गांधी निराधार योजना. एकट्या निराधाराला २०१६ मध्ये महिना ६०० रुपये होते. हा अर्ज तहसीलला जातो, सरपंचाच्या घरी नाही. म्हाताऱ्या माणसाला एकटं पाठवू नका. वस्तीतल्या शिकलेल्या पोरानं सोबत जावं.

आता २६ जानेवारीची ग्रामसभा येते. त्याआधी महिलांची सभा असते, ती झालीच पाहिजे. आधी आपल्या वस्तीत बसा, कोणाला काय मिळालं नाही ते वहीत लिहा, मग सगळे मिळून खाली चला. अन् एक ध्यानात ठेवा, कोऱ्या पानावर सही-अंगठा देऊ नका. ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहून झाला, मोठ्यानं वाचला, की मगच सही. नाही वाचला तर तिथंच बसून राहा.

जल, जंगल, जमीन आपली आहे. तिचा कागदही आपल्याच हाती पाहिजे.

जोहार! जिंदाबाद!