जागरूकतेचे दिवस आणि जबाबदारीचा प्रश्न



24 डिसेंबर 1986 रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून त्या तारखेला राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा होतो. तहसील कचेरीतील हा सोहळा ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्याचा क्रम पाठ असतो. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा सत्कार, गॅस एजन्सीचा आणि वजनमापे खात्याचा एकेक स्टॉल आणि शेवटी ग्राहकांनी जागरूक राहावे हे आवाहन. 15 मार्चचा जागतिक ग्राहक हक्क दिन असाच जातो. गेल्या काही वर्षांत महिन्याच्या पहिल्या बुधवारी सायबर जागरूकता दिवस पाळण्याच्या सूचनाही सुटल्या. 2024 च्या ऑक्टोबरात तर खुद्द पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून 'डिजिटल अरेस्ट'विषयी जनतेला सावध केले.

सायबर फसवणुकीत नागरिकांनी गमावलेली रक्कम 2023 मध्ये सुमारे 7,465 कोटी रुपये होती. 2024 मध्ये ती सुमारे 22,845 कोटींवर गेली. हे आकडे सरकारनेच लोकसभेत दिले आहेत.

जागृती निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. 1930 या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी केल्यामुळे अनेकांचे पैसे वाटेतच अडवले गेले आहेत. आक्षेप आहे तो या दिवसांमागच्या गृहीतकाला. फसवणूक झाली ती ग्राहक बेसावध होता म्हणून, असे ते गृहीतक सांगते. आणि एकदा ते मान्य झाले की शासन व बँक दोघेही व्यासपीठावर बसायला मोकळे होतात.

प्रत्यक्षात काय घडते? निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धाला दृक्‌श्राव्य फोन येतो. समोर पोलिसी गणवेश, मागे राजमुद्रा, हातात न्यायालयाचा बनावट आदेश. दोन दिवस त्याला घरातल्यांशीही बोलू देत नाहीत. तिसऱ्या दिवशी तो बँकेत जातो, मुदतठेव मोडतो आणि आयुष्याची पुंजी अनोळखी खात्यावर पाठवतो. ज्या खात्यातून वर्षानुवर्षे किराणा आणि औषधांपलीकडे पैसा हलला नाही, तेथून एका सकाळी लाखो रुपये जातात. हे बँकेला दिसत नाही काय? आणि ते जातात कोठे? कोणा बेकाराने चार पैशांच्या कमिशनसाठी भाड्याने दिलेल्या खात्यात. तेथून काही मिनिटांत आणखी दहा खात्यांत. कागदपत्रे अपुरी म्हणून निराधार विधवेच्या अनुदानाचे खाते गोठवण्यात तत्पर असलेली व्यवस्था येथे मात्र डोळे मिटून बसते.

रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी काढलेल्या परिपत्रकात ग्राहकाच्या बाजूच्या काही चांगल्या तरतुदी होत्या. तिसऱ्याच कोणामुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर तोशीस नाही. त्याची चूक सिद्ध करण्याचा भारही बँकेवर. परंतु भीतीपोटी ज्याने स्वतःच्या सहीने पैसे पाठवले, त्याचा व्यवहार 'अनधिकृत' या शब्दात बसेना. सर्वांत मोठे नुकसान नेमके त्याचेच.

ब्रिटनने याचे उत्तर निराळे शोधले. तेथे 7 ऑक्टोबर 2024 पासून, फसवून पैसे पाठवायला लावलेल्या ग्राहकाला देशांतर्गत व्यवहारात 85,000 पौंडांपर्यंत भरपाई देण्याची सक्ती झाली. तिचा निम्मा भार पैसे पाठवणाऱ्या बँकेवर आणि निम्मा ते स्वीकारणाऱ्या बँकेवर. नियमाला अपवाद आहेत आणि ब्रिटनमध्ये काही समाजवाद आलेला नाही. पण चोराचे खाते उघडून देणाऱ्या बँकेच्या खिशाला झळ बसू लागली की तिची जागरूकता कोणत्याही बुधवारची वाट पाहत नाही.

1972 साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या स्त्रिया लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर आल्या. त्यांनी गृहिणींना जपून खरेदी करण्याचा उपदेश केला नाही. साठेबाजांना आणि सरकारला जाब विचारला. तोच प्रश्न पुढे कायद्याच्या चौकटीत आला, आणि चौकट हळूहळू रिकामी झाली. ग्राहक आयोगांवरील रिक्त जागांची 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, याहून बोलकी साक्ष कोणती हवी? साध्या तक्रारीचा निकाल शक्यतो तीन महिन्यांत लागावा असे 2019 च्या कायद्यात लिहिले आहे.

दिवस पाळण्याचा सोस पुरोगामी चळवळीलाही कमी नाही, हे येथे बसलेल्यांना सांगायला नको. तरीही येत्या 24 डिसेंबरला कार्यकर्त्यांनी तहसील कचेरीतील त्या समारंभाला अवश्य जावे, आणि आभारप्रदर्शनापूर्वी उभे राहून तीन प्रश्न विचारावेत. जिल्हा ग्राहक आयोगात आज किती पदे रिकामी आहेत? कायद्याने घालून दिलेली मुदत उलटून गेलेल्या तक्रारी किती? आणि या जिल्ह्यातून लुबाडलेला पैसा कोणकोणत्या बँकांच्या खात्यांत जमा झाला?