चंद्र कोठे जातो?

(सोसायटीच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड. माणूस, मराठी आणि इतिहास शिकवतो. विज्ञानावर बोलणे हा आगाऊपणाच. परंतु प्रश्न आपल्या घरातला आहे, म्हणून धीर केला.

९ एप्रिल २०२४ चा दिवस आठवा. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि आपल्या रमजानची २९ तारीख. मगरिबनंतर सेनगावातले लहानथोर छतावर चढले. गुडघे दुखत असतानाही आमची अम्मी जिना चढून आली. चंद्र काही दिसला नाही. तेवढ्यात सौदीत कामाला असलेल्या मेहुण्यांचा फोन आला, "आमचे तीस रोजे झाले, उद्या ईद." केरळातही चंद्र दिसल्याचे जाहीर होऊन १० तारखेला ईद झाली. आपल्याकडे झाली ११ ला.

दुसऱ्या दिवशी वर्गात दोन मुले हमरीतुमरीवर आली. एक म्हणे चंद्र निघालाच नाही. दुसरा म्हणे निघाला होता, आपल्याच लोकांनी पाहिला नाही. मी विचारले, "अमावास्येला चंद्र का दिसत नाही?" भराभर हात वर झाले. उत्तर एकच : पृथ्वीची सावली पडते म्हणून. खरे सांगायचे तर बी.एड. होईपर्यंत माझीही हीच समजूत होती.

वास्तविक पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूस पडते. त्या बाजूला चंद्र असतो तो पौर्णिमेला. तेव्हा सावलीत सापडला तर चंद्रग्रहण होते, आणि त्यातही तो बहुधा तांबूस दिसत राहतो. अमावास्येला तो सूर्याच्या बाजूस असतो. तेथे आपली सावली पोहोचणार कशी?

घरी करून पाहा. अंधाऱ्या खोलीत एक दिवा लावा. हातात लिंबू धरून हात लांब करा आणि स्वतःभोवती हळूहळू फिरा. दिवा म्हणजे सूर्य, लिंबू म्हणजे चंद्र, तुमचे डोके म्हणजे पृथ्वी. लिंबाचा अर्धा भाग सदैव उजळलेला असतो. लिंबू दिव्याच्या दिशेला आले की उजळ बाजू दिव्याकडे, काळी तुमच्याकडे. शिवाय दिव्याने डोळे दिपतात. हीच अमावास्या. लिंबू मात्र दिव्याच्या किंचित वर धरा, कारण चंद्राची वाट सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. म्हणून दर अमावास्येला सूर्यग्रहण होत नाही.

अमावास्येचा चंद्र सूर्याबरोबर उगवतो आणि त्याच्याबरोबरच मावळतो. रात्रभर तो आपल्या पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे. मध्यरात्री कितीही शोधा, व्यर्थ. उलट वद्य अष्टमीला सकाळी शाळेला येताना मान वर करा. भर उन्हात पांढुरका चंद्र पश्चिमेकडे दिसेल. पाहतो कोण?

आता ९ एप्रिलकडे येऊ. अमावास्या ८ तारखेच्या रात्री पावणेबाराच्या सुमारास संपली होती. त्याच वेळी मेक्सिको, अमेरिका व कॅनडात खग्रास सूर्यग्रहण चालू होते. आपल्याला न दिसणारा चंद्र तेथील लोकांना सूर्यासमोर काळ्या थाळीसारखा दिसत होता! म्हणजे ९ च्या संध्याकाळी आपल्याकडे सूर्य मावळला तेव्हा चंद्र सुमारे १९ तासांचा होता. त्याच्या तबकडीच्या शंभर भागांपैकी जेमतेम एक भाग उजळलेला. ती रेघही संधिप्रकाशात, क्षितिजाजवळच्या धुळीत, तासाभरात मावळणारी. असा चंद्र एका गावी दिसतो, दुसऱ्या गावी दिसत नाही. एखादा ढगही पुरतो. दोघांपैकी कोणी खोटे बोलतो असे नव्हे. शहादत कोणाची ग्राह्य धरावी हे उलेमांचे काम. त्यात मी शिरत नाही. वर्गातल्या दोघांना मात्र एवढे सांगितले की 'निघाला नाही' आणि 'दिसला नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत.

घरी जाऊन हाच लिंबाचा खेळ अम्मीपुढे केला. तिने लिंबू स्वतःच्या हातात घेतले, दोनदा फिरवून पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे काल मी छतावर होते तेव्हा तो होताच ना तिथे?"

मी म्हटले, "होय अम्मी, होताच."

"बरं," ती म्हणाली, आणि तिसाव्या रोजाच्या इफ्तारीसाठी तेच लिंबू तिने शरबतात पिळले.