माळावरचा आगंतुक
(व्याख्यानाचा संपादित अंश)



सोलापूरच्या माळाला ‘पडीक’ म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांवर इथल्या मेंढपाळांचे कळप जगतात, काळवीट जगतात. माळढोकासाठी नान्नजचे अभयारण्य १९७९ साली झाले. तो पक्षी आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे. अशा या माळावर एक आगंतुक ठाण मांडू पाहतो आहे, तो म्हणजे गाजर गवत.

मूळ मेक्सिकोकडचे हे तण १९५५-५६च्या सुमारास पुण्यात नोंदले गेले. अमेरिकेहून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ‘काँग्रेस गवत’ या नावावरून विनोद पुष्कळ झाले. पण हे तण कोणाचाही पक्ष पाहत नाही.

त्याला ओळखावे कसे? कोवळेपणी पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात, गाजरासारखी कातरलेली. पुढे रेघांचे, लवदार खोड वाढते आणि चांदण्यांसारखी बारीक पांढरी फुले येतात. एका झाडाला हजारो बिया धरतात. वारा, पाणी, वाहनांची चाके त्या दूरवर नेतात. पार्थेनिन या विषारी द्रव्यामुळे अंगाला खाज सुटते, दमाही बळावतो. जनावरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. खाल्लेच, तर दूध कडवट होते.

उपाय सोपा, पण वेळेवर हवा. पावसाने जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वी, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे. फुलण्याआधीचे तण खतखड्ड्यात चालते; नंतरचे नाही. नुसते कापले, तर ते पुन्हा फुटते. १९८४ मध्ये बंगळुरूला सोडलेले मेक्सिकन भुंगेरे पावसाळ्यात त्याची पाने फस्त करतात. म्हणून भुंगेरे असतील तेथे कीटकनाशक फवारू नये. गावाकडेच्या मोकळ्या जागी पावसाआधी तरोट्याचे बी फेकावे; तो गाजर गवताला दाबतो. माळावर मात्र तरोटाही नको.

माळाचा खरा राखणदार गवतच आहे. अतिचराईने जमीन उघडी पडली की हा पाहुणा शिरतो. म्हणून पावसाळ्यात माळाचा एक भाग गवताचे बी पडेपर्यंत चराईला बंद ठेवावा, आणि तो कोणता हे मेंढपाळ बांधवांना सोबत घेऊनच ठरवावे. बंदीचा भार एकट्या त्यांच्यावर पडता कामा नये.

एका वर्षाने हे संपणार नाही. मातीतले बी कित्येक वर्षे उगवत राहते. तरुण मंडळांनी, बचत गटांनी आपापल्या गावचा एक तुकडा घ्यावा आणि सलग काही पावसाळे तो सोडू नये. श्रमदानाचे छायाचित्र एका दिवसात निघते. माळ परत यायला चिकाटी लागते.