एक किल्ली आणि आठ कारकून



आजचा विषय यंत्राचा असला, तरी ज्याने कधी रांगेत उभे राहून पाहिले आहे त्याला तो अवघड जाऊ नये. संगणकात एकाऐवजी आठ प्रोसेसर बसविले की काम आठपट होईल, असा आपला समज असतो. जीन अम्डाल या शास्त्रज्ञाने १९६७ सालीच या समजाची मर्यादा दाखविली. कामाचा एक दशांश भाग एका वेळी एकानेच करावयाचा असेल, तर आठ प्रोसेसरांनी वेग पाचपटही होत नाही. आणि प्रोसेसर कितीही वाढविले, तरी दहापटीपलीकडे मजल जात नाही.

हा ‘एकानेच करावयाचा’ भाग येतो कोठून? लिनक्स ही कार्यप्रणाली घ्या. १९९६ साली तिच्या २.० आवृत्तीत अनेक प्रोसेसर चालविण्याची सोय झाली, तेव्हा प्रणालीच्या गाभ्याला एकच मोठे कुलूप होते. कोठीघराशी कारकून आठ, पण किल्ली एक! पुढे बऱ्याच कामांना स्वतंत्र कुलपे मिळाली, तरी ते मोठे कुलूप काही ठिकाणी राहिलेच.

२००८ सालच्या मे महिन्यात २.६.२६ या आवृत्तीचा पहिला मसुदा चाचणीला आला, आणि अनेक प्रोसेसरांच्या यंत्रावर एका नेहमीच्या कसोटीत वेग सुमारे ४० टक्क्यांनी घसरला. यंत्र तेच, काम तेच. बदलली होती ती प्रणाली.

शोध घेता आढळले काय? नवी व्यवस्था जुनीहून अधिक न्यायाची होती! पूर्वी किल्ली मोकळी झाली की दाराशी जो जागा असेल तो ती घेऊन आत जाई. नव्या नियमाने ती रांगेतील पहिल्याच्याच नावे राखली जाऊ लागली. पण तो पहिला निजलेला! तो उठून येईपर्यंत किल्ली खुंटीवर, आणि जागा असलेला कारकूनही रांगेत जाऊन निजणार. निजण्या-उठण्यातच वेळ जाऊ लागला. लिनस टोरवाल्ड्स यांनी तूर्त उपाय केला तो असा, की मोठ्या कुलपासाठी थांबणाऱ्याने निजायचे नाही. दाराशी जागेच राहायचे. मूळ दुखणे मात्र दार एकच असण्याचे होते. ते कुलूप एकेका ठिकाणाहून काढीत २०११ साली, २.६.३९ आवृत्तीत, समूळ गेले.

याचा अर्थ न्याय टाकून द्यावा, असा आम्ही करीत नाही. रांग न्यायाची हवीच. पण रांग लागते का, हे आधी पाहावे. बँकेत वा इस्पितळात नवी प्रणाली आली, काम मंदावले, की ‘आणखी प्रोसेसर घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो. त्या वेळी तीन प्रश्न विचारावेत. बदलापूर्वी आणि बदलानंतर एकच काम मोजले आहे काय? प्रोसेसर राबत आहेत, की वाट पाहत आहेत? आणि जुन्या आवृत्तीकडे परतण्याची वाट राखली आहे काय? उत्तरे मिळेपर्यंत थैलीची गाठ सोडू नये. किल्ली एकच असेल, तर नववा कारकून नेमून रांग तेवढी लांबते.