यंत्राचे माप

बाजारात तागडी धरणाऱ्या माणसाच्या हाताकडे आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. पण तेच वजन यंत्राने केले, की निर्धास्त होतो. यंत्राला ना सोयरा, ना धायरा. ते पक्षपात कशाला करील? या समजुतीविषयीच आज थोडे बोलायचे आहे.

गोष्ट इंग्लंडातली. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे तिथल्या ‘ए लेव्हल’च्या, म्हणजे विद्यापीठप्रवेशाआधीच्या परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी प्रत्येक मुलाची अपेक्षित श्रेणी कळवली, वर्गातला क्रमही लावून दिला. पण शिक्षकांचा हात सैल पडेल, अशी धास्ती होती. म्हणून परीक्षांवर देखरेख करणाऱ्या ‘ऑफक्वल’ या संस्थेने श्रेणी ठरवण्यासाठी संगणकाचे एक सूत्र तयार केले.

हे सूत्र त्या शाळेचे मागचे निकाल पाही आणि यंदाच्या मुलांना क्रमवार बहुतांशी त्याच साच्यात बसवी. आता बघा, एखाद्या गरीब वस्तीतल्या शाळेत आजवर कोणालाच वरची श्रेणी मिळालेली नाही, आणि यंदा तिथे एक विलक्षण हुशार मुलगी निघाली. वर्गात ती पहिली. पण साच्यात वरचा खणच नाही! तिने बसावे कुठे? उलट, पाच किंवा त्याहून कमी मुलांच्या वर्गांना शिक्षकांनी दिलेलीच श्रेणी मिळाली. आणि असे लहान वर्ग महागड्या खासगी शाळांत जास्त.

१३ ऑगस्टला निकाल लागला. जवळजवळ ४० टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजाहून खाली आल्या होत्या. मुले रस्त्यावर उतरली. चारच दिवसांनी, १७ ऑगस्टला, माघार घेऊन शिक्षकांच्या श्रेणी मान्य कराव्या लागल्या.

तुम्ही म्हणाल, यंत्र चुकले. नाही. यंत्राने सांगितले तेच केले. सूत्रात ‘गरीब’ हा शब्दही नव्हता. पण शाळेचा मागचा निकाल हेच माप धरल्यावर गरिबी मागल्या दाराने आत आली. मापात पाप होते, ते असे.

शिक्षकांचे अंदाज नेहमी बिनचूक असतात, असे मी म्हणत नाही. आपणही बाकावरून आणि आडनावावरून मुले जोखतो. पण आपल्याला जाब विचारता येतो. म्हणून यंत्राने निवाडा दिला, की दोन गोष्टी विचारा: हे माप कोणाच्या मागच्या हिशेबावरून बेतले? आणि चूक झाली, तर दाद कोणाकडे मागायची? उत्तर मिळेपर्यंत त्या मुलीच्या श्रेणीवर शेवटची सही होऊ देऊ नका.